उद्योगवाढ, प्रदूषण आणि पर्यावरणाचे नियम: महाराष्ट्रातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे लोक असतात: एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणारे, त्या एमआयडीसीच्या खालच्या अंगाला राहणारे आणि या विषयाचा अभ्यास करणारे विद्यार्थी. उत्तरे तिघांनाही उपयोगी पडावीत अशी लिहिली आहेत.

उद्योग वाढले की प्रदूषण वाढणारच, असे गणित आहे का?

नाही. एकूण प्रदूषण तीन गोष्टींवर ठरते: उत्पादन किती, ते कशाचे आणि कोणत्या पद्धतीने. पहिली गोष्ट वाढली की प्रदूषण वाढते. दुसरी दोन्ही बाजूंना जाऊ शकते: सूतगिरणीच्या जागी सॉफ्टवेअर कंपनी आली तर घटेल, रंग-रसायनांचा कारखाना आला तर वाढेल. तिसरी गोष्ट, म्हणजे पद्धत, बहुतेक वेळा नियमांमुळेच बदलते. धूर गाळणाऱ्या यंत्रणेतून मालकाला विकायला काही मिळत नाही, म्हणून ती आपखुशीने क्वचितच बसते.

अमेरिकेत १९७० मध्ये हवेचा कायदा कडक झाला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तिथली अर्थव्यवस्था कित्येक पटींनी वाढली आणि सहा प्रमुख हवाप्रदूषकांचे एकत्रित उत्सर्जन सुमारे ७८ टक्क्यांनी घटले. जड उद्योगांचा काही भाग देशाबाहेर गेला हे खरे, पण वाहने आणि वीजकेंद्रे तिथेच राहिली आणि तीही स्वच्छ झाली.

‘आधी श्रीमंत होऊ, मग सफाई करू’ यात तथ्य किती?

थोडेच. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात अनेक देशांची आकडेवारी तपासली. उत्पन्न वाढताना काही प्रदूषके आधी वाढतात आणि पुढे घटतात, असे त्यांना दिसले. आलेख उलट्या यू अक्षरासारखा दिसतो. लोक हे आपोआप घडते असे समजतात, पण त्याच अभ्यासकांनी स्पष्ट केले होते की हे आपोआप होत नाही. उत्पन्न वाढले की लोक स्वच्छ हवा-पाणी मागू लागतात, सरकारवर दबाव येतो, नियम कडक होतात आणि म्हणून आलेख खाली वळतो. मधली कडी काढली तर वळणही येत नाही.

शिवाय सगळी प्रदूषके सारखी नसतात. चिमणीतला धूर थांबवला की काही दिवसांत हवा निवळते. भूजलात क्रोमियम उतरले की ते तिथेच मुरते. तमिळनाडूतल्या राणीपेट इथे क्रोमेटचा कारखाना बंद पडून दशके उलटली, तरी त्याच्या कचऱ्याचा ढीग आणि खालचे दूषित पाणी अजून डोकेदुखी आहे. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीतही ते वळण भरवशाने दिसलेले नाही. जे नंतर साफ करता येत नाही, ते आधी होऊ देणे परवडत नाही.

कारखान्याने खर्च केला नाही, तर तो खर्च वाचतो ना?

कारखान्याचा वाचतो, समाजाचा नाही. तो कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यात, गावाच्या टँकरच्या बिलात आणि दम्याच्या औषधात दिसतो. जागतिक बँकेच्या २०१३ च्या अभ्यासाने भारतातल्या पर्यावरणऱ्हासाची वार्षिक किंमत २००९ च्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.७ टक्के धरली होती. पुढे ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधल्या अभ्यासाने २०१९ मध्ये हवाप्रदूषणाशी संबंधित १६.७ लाख मृत्यू आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के नुकसान असा अंदाज दिला. आकड्यांत फरक आहे, कारण पहिल्यात माती, पाणी, जंगल सगळे आले. दुसऱ्यात फक्त हवा, आणि तीही अकाली मृत्यू व आजारपणामुळे बुडालेल्या उत्पादनापुरती.

आर्थिक वाढीच्या आकड्यात टँकरचा धंदा आणि रुग्णालयाचे बिल अधिक म्हणून मोजले जाते. म्हणून निव्वळ वाढीचा दर पाहून जिल्ह्याचे बरे चालले आहे की नाही हे सांगता येत नाही. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते, पण राख आणि धूळ चंद्रपुरातच राहते.

नियम कोणते आणि ते कोण राबवते?

महाराष्ट्राने पाण्यासाठी १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले, केंद्राच्या कायद्याच्याही आधी. आज मुख्य कायदे तीन: पाणी (१९७४), हवा (१९८१) आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा (१९८६). मर्यादा बहुतांशी केंद्र ठरवते, त्या राबवते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. त्याचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे.

माझ्या कारखान्याला नेमके काय लागेल?

आधी उद्योगाचा रंग पाहा. २०१६ पासून प्रदूषण निर्देशांकावरून लाल (सर्वाधिक प्रदूषण), नारिंगी, हिरवा आणि पांढरा (सर्वांत कमी) असे वर्ग आहेत. २०२५ च्या फेररचनेत अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी (उदा. कचरा आणि सांडपाणी प्रक्रिया) निळा वर्ग जोडला गेला. पांढऱ्या वर्गाला मंडळाला कळवणे पुरते. बाकीच्यांना दोन टप्पे आहेत: बांधकामाआधी स्थापनेची संमती आणि उत्पादनाआधी चालवण्याची संमती. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते.

रसायने, डिस्टिलरी, सिमेंट, दिवसाला ५,००० टन किंवा अधिक गाळपाचा साखर कारखाना अशा प्रकल्पांना त्याआधी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यायची असते.

नेहमी घडणारी चूक अशी: संमतीपत्रात उत्पादन महिना १०० टन लिहिलेले असते, मागणी वाढते आणि मालक १६० टन काढू लागतो. सांडपाणी प्रकल्प १०० टनांसाठीच बांधलेला असतो. उत्पादन किंवा उत्पादित माल बदलायचा असेल तर संमती आधी दुरुस्त करून घ्या.

ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) बसवला आहे, तरी नमुना नापास का होतो?

नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशा आहेत: पीएच ५.५ ते ९, बीओडी (घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५०, तरंगते घन १००, तेल-ग्रीस १०. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक मर्यादा असेल तर तीच लागू.

सगळ्यात जास्त बिघाड होतो तो समतोल टाकी (वेगवेगळ्या वेळी येणारे पाणी आधी एकत्र करणारी टाकी) लहान असल्याने. बॅच संपल्यावर एकदम आम्लयुक्त पाणी येते, टाकीत सरमिसळ व्हायला जागा नसते, ते थेट जीवाणूंच्या टाकीत जाते आणि जीवाणू मरतात. नवे कल्चर (जीवाणूंची वाढ) स्थिरावायला आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस पाणी जवळजवळ तसेच बाहेर जाते.

दुसरे कारण वीजबिल. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) हा ईटीपीतला सर्वांत महागडा चालता भाग, म्हणून रात्री तो बंद ठेवायचा मोह होतो. वायुवीजन टाकीत विरघळलेला प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो; तो काही तास शून्यावर आला की पाण्याला वास सुटतो आणि तंतूसारखे जीवाणू माजतात. मग गाळ खाली बसत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. ईटीपीला स्वतंत्र वीजमीटर असेल तर चोरी लपत नाही. १५ किलोवॅटचा ब्लोअर दिवसभर पूर्ण भाराने चालला तर ३६० युनिट जळतात. मीटरवर १२० असतील तर तो आठ तासच चालला.

तिसरे, पोषण. बऱ्याच रासायनिक सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद पुरेसे नसते. बीओडी, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण १००:५:१ ठेवण्यासाठी युरिया आणि डीएपी घालावे लागते. चौथे, क्षार. विरघळलेले क्षार फार वाढले की साधे कल्चर तग धरत नाही. अशा पाण्याचा प्रवाह वेगळा काढून बाष्पीभवनाकडे न्यायला हवा. तो इतर पाण्यात मिसळून ‘पातळ’ करणे हा उपाय नाही, कारण त्याने नदीत जाणारा क्षार ग्रॅमभरही कमी होत नाही.

प्रकल्प खरोखर चालतो का, हे पाहायची आणखी एक खूण म्हणजे गाळ. पाणी साफ होते तेव्हा गाळ निघतोच. वर्षभरात तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रावर एकही खेप गेली नसेल, तर ईटीपी फक्त दाखवायला आहे.

साखर कारखाने आणि डिस्टिलरींवर एवढे बोट का ठेवले जाते?

कारण सांडपाण्याची तीव्रता. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो, तर डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) ४०,००० हून अधिक. दिवसाला ६०,००० लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीतून लिटरमागे १० लिटर धरले तर ६ लाख लिटर स्पेंटवॉश निघतो. ४५,००० बीओडीने तो भार २७,००० किलो होतो. माणशी रोजचा भार ४० ते ४५ ग्रॅम धरला तर हा सहा लाखांहून अधिक लोकांच्या मैल्याइतका झाला, म्हणजे कोल्हापूर शहराएवढा. म्हणून डिस्टिलरींना एक थेंबही बाहेर सोडायची परवानगी नसते. स्पेंटवॉश घट्ट करून बॉयलरमध्ये जाळणे किंवा कंपोस्ट करणे हेच मार्ग. बिघडते ते साठवण तलावात. अस्तर फाटते, पावसात तलाव भरतो आणि रात्रीतून बांध ‘फुटतो’.

साखर कारखान्याला २०१६ च्या निकषांनुसार उसाच्या टनामागे २०० लिटर सांडपाण्याची मर्यादा आहे आणि गळीत हंगामाच्या महिनाभर आधी ईटीपी स्थिर करायचा असतो. शेणकाला घालून कल्चर उभे करायला तेवढा वेळ लागतोच. अनेक ठिकाणी मोळी टाकून गाळप सुरू झाल्यावर ईटीपीची आठवण होते आणि पहिले काही आठवडे नदीला भोगावे लागतात. हंगाम नोव्हेंबरपासून उन्हाळ्याकडे सरकतो, तसे कृष्णा-पंचगंगेचे पाणीही कमी होत जाते. त्यामुळे तेवढेच सांडपाणी मार्चमध्ये ऑगस्टपेक्षा कितीतरी घातक ठरते. पहिल्या वळवाने ओढ्यांत साचलेली घाण एकदम नदीत आली की मासे मरतात.

सामायिक प्रक्रिया केंद्र असूनही तारापूर-डोंबिवलीची स्थिती इतकी वाईट का?

छोट्या कारखान्याला पूर्ण ईटीपी परवडत नाही, म्हणून सर्वांसाठी एक सीईटीपी (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र) ही कल्पना चांगली आहे. पण तिच्यात एक अट दडलेली आहे: प्रत्येकाने प्राथमिक प्रक्रिया करून ठरलेल्या मर्यादेतच पाणी पाठवायचे. एकाने अट मोडली तर सापडणे कठीण, आणि फायदा पूर्ण त्याचा. सगळ्यांनी तसे केले की केंद्र कोलमडते. तारापूरला अनेक वर्षे २५ एमएलडीच्या (एमएलडी म्हणजे रोज दशलक्ष लिटर) केंद्रावर त्याहून जास्त पाणी येत होते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. डोंबिवलीत २०२० मध्ये रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला, तो प्रश्नही चेंबर आणि गटारांत काय जाते यावर कोणाचे लक्ष नसण्याचाच होता.

उपाय माहीत आहेत: प्रत्येक सभासदाच्या वाहिनीवर प्रवाहमापक आणि कुलूपबंद नमुनाकक्ष, सीओडीच्या भारानुसार बिल आणि मर्यादा ओलांडणाऱ्याच्या झडपा बंद करण्याचा सीईटीपीला अधिकार. केवळ लिटरवर बिल लावले तर लोक पाणी कमी आणि घट्ट पाठवतात.

नद्या कारखान्यांमुळे घाण होतात की शहरांमुळे?

आकारमानाने शहरांमुळे, विषारीपणाने कारखान्यांमुळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ एमएलडीवर होते. प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाराष्ट्र सातत्याने पहिला असतो. २०२२ च्या यादीत ३११ पैकी ५५ पट्टे आपले होते. कारखान्याला नोटीस आणि नगरपालिकेला मुदतवाढ ही विषमता उद्योजकांना खुपते आणि ती तक्रार रास्त आहे. पण तिच्या आधारे रसायने सोडायचा हक्क मिळत नाही.

हवा ‘मर्यादेत’ आहे म्हणजे सुरक्षित का?

नाही. पीएम २.५ ची (फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची) आपली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली ५. मर्यादा म्हणजे आज गाठता येईल असे सरकारने मानलेले उद्दिष्ट.

कडक नियमांनी कारखाने दुसऱ्या राज्यात जातात का?

काही जातात, पण फक्त प्रदूषण-खर्चामुळे जाणारे थोडे. जागा ठरताना जमीन, विजेचा दर, बंदर, कामगार आणि कच्चा माल यांचे वजन जास्त असते. उद्योगाला जास्त घातक ठरते ती अनिश्चितता: दहा वर्षे कोणी विचारायचे नाही आणि अकराव्या वर्षी एका आदेशाने सगळे बंद.

जानेवारी २०१० मध्ये केंद्राने ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत नव्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवल्या. त्यात चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर होते. शिस्तीने वागणारा कारखानाही त्यात अडकला, कारण बंदी पत्त्यावर होती, वागणुकीवर नव्हती. कृती आराखडे आल्यावर ती टप्प्याटप्प्याने उठली.

गोव्यातील लोहखनिज हे याहून बोलके उदाहरण. चीनच्या मागणीच्या काळात उत्खनन बेसुमार वाढले आणि देखरेख मागे पडली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून १६ मार्चपासून काम थांबवले. कर्ज काढून ट्रक आणि बार्ज घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. त्यांचे नुकसान नियमाने केले असे म्हटले जाते. आमच्या मते ते नियम वेळेवर न राबवल्याने झाले. पहिल्या वर्षापासून मर्यादा पाळली असती तर ट्रक कमी घेतले गेले असते, आणि घेतलेले चालत राहिले असते.

तपासण्या दुप्पट केल्या तर भागेल का?

गुजरातमध्ये हा प्रयोग झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी सुमारे ९६० कारखान्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्यांची तपासणी वाढवली. उत्सर्जनात फारसा फरक पडला नाही, कारण वाढीव भेटी फारसे प्रदूषण न करणाऱ्यांकडे गेल्या. याच गटाच्या आधीच्या प्रयोगात मात्र मोठा बदल दिसला. पूर्वी कारखानाच आपला पर्यावरण लेखापरीक्षक निवडे आणि त्याला पैसे देई. ते बदलून परीक्षक चिठ्ठीने नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही नमुने पुन्हा तपासले. खोटे ‘मर्यादेत आहे’ अहवाल सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

सुरतेत २०१९ पासून धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला. सर्व कारखान्यांची मिळून एक कमाल मर्यादा, चिमणीवर सतत मोजणी, आणि परवाने खरेदी-विक्रीची मुभा. धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्राने जून २०१७ मध्ये चिमणीच्या चाचण्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करायला सुरुवात केली. माहिती उघड करणे चांगलेच, पण एका ताऱ्याच्या कारखान्याला त्याची किंमत मोजावी लागली तरच तो बदलतो.

दंड नेमका किती बसतो?

केंद्रीय मंडळाचे भरपाईचे सूत्र असे: प्रदूषण निर्देशांक × दिवस × रुपयांचा गुणक × उद्योगाचा आकार × ठिकाण. निर्देशांक लालसाठी ८०, नारिंगीसाठी ५०, हिरव्यासाठी ३०. रुपयांचा गुणक १०० ते ५००, सहसा २५०. आकार लघुसाठी ०.५, मध्यमसाठी १, मोठ्यासाठी १.५. ठिकाणाचा गुणक लोकसंख्येनुसार १ ते २. उदाहरणार्थ, १० ते ५० लाख वस्तीच्या शहरातल्या लाल वर्गाच्या मध्यम कारखान्याने ३० दिवस उल्लंघन केले तर ८० × ३० × २५० × १ × १.२५, म्हणजे साडेसात लाख रुपये, दिवसाला २५,०००. ईटीपीचा रोजचा चालता खर्च याहून जास्त असेल आणि पकडले जाण्याची शक्यता कमी असेल, तर हिशेबी मालक कोणता मार्ग धरेल हे उघड आहे.

नियम सैल होत आहेत का?

काही ठिकाणी, हो. १ एप्रिल २०२४ पासून हवा आणि पर्यावरण कायद्यांतल्या बहुतेक गुन्ह्यांत तुरुंगवासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला. तुरुंगवास क्वचितच होई, म्हणून बदल समजण्यासारखा आहे. पण मोठ्या कंपनीला १५ लाख काहीच नाहीत. औष्णिक केंद्रांना २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली, मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना सूट दिली. ज्यांनी कोट्यवधी खर्चून यंत्रणा आधीच बसवली, त्यांनी काय शिकायचे? दुसऱ्या बाजूला, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना नुकसानभरपाई वसूल करता येते असे स्पष्ट केले. प्रकल्प उभारून मग मंजुरी मागण्याची पद्धत न्यायालयाने मे २०२५ मध्ये बेकायदा ठरवली, पण नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निर्णय मागे घेतला.

मी रहिवासी आहे. तक्रार कशी करू?

पहिल्यांदा कारखान्याचे संमतीपत्र मिळवा. ते मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांत मागा. त्यात किती पाणी, कुठे आणि कोणत्या मर्यादेत सोडायचे ते लिहिलेले असते. ‘वास येतो’ यापेक्षा ‘संमतीत शून्य विसर्ग आहे, पण उत्तरेच्या कुंपणाखालून पाइप ओढ्यात येतो’ ही तक्रार टिकते.

नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, रंग, वास, वाऱ्याची दिशा, फोटो. सहसा शनिवारी रात्री किंवा पावसात सोडले जात असेल तर तो क्रम नोंदीतूनच दिसतो. मग मंडळाच्या उप-प्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि त्याच वेळी नमुना घ्यायला बोलवा. दुसऱ्या दिवशी ओढा स्वच्छ असतो. अधिकाऱ्याने घेतलेला जेव्हीएस (संयुक्त दक्षता) नमुना दोन भागांत, सीलबंद आणि सहीनिशी घेतला जातो का ते पाहा. त्यात चूक झाली तर तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. स्वतः नमुना घेतलात तर बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, कारण उशीर झाला की बीओडी कमी दिसतो. तुमचा नमुना मंडळाच्या नमुन्याची जागा घेत नाही, पण चौकशी टाळणे अवघड करतो.

काहीच झाले नाही तर दोन वाटा आहेत. जे उल्लंघन अजूनही फौजदारी गुन्हा आहे, त्यासाठी ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः फौजदारी न्यायालयात तक्रार करता येते. किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अर्ज करा: कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि नुकसानभरपाई मागायची असेल तर पाच वर्षांत. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का. वकील नसला तरी अर्ज करता येतो. विहिरीचे पाणी बिघडले असेल तर कारखान्याच्या वरच्या अंगाच्या एका विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी तपासून घ्या. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले की ‘इथले पाणी मुळातच असे आहे’ हा बचाव उरत नाही.